तळटीप क्रमांक सदतीस

दिवाळीच्या आत त्या गुलाबी घोड्याला देशोधडीला लावीन, अशी प्रतिज्ञा डॉ. लालासाहेब घाडगे यांनी जूनच्या सात तारखेला, सकाळच्या दुसऱ्या चहानंतर, साताऱ्यातल्या राहत्या घरी केली! प्रतिज्ञेला श्रोता एकच होता. त्यांच्या पत्नी रंगुबाई. आणि त्या गवारी मोडत होत्या.

“कुठल्या घोड्याला?” त्यांनी विचारले.

“एकशिंगी!”

“बरं,” म्हणून रंगुबाईंनी पुढची शेंग मोडली. चाळीस वर्षांच्या संसारात अशा सतरा प्रतिज्ञा त्यांच्या कानांवरून गेल्या होत्या. त्यांतल्या चौदा विद्यापीठाविरुद्ध होत्या, आणि विद्यापीठ अजून जागच्या जागी होते.

घोड्याचा अपराध असा. मे महिन्यात पुण्याहून नात आली होती. राजनंदिनी, वय वर्षे साडेसहा. लालासाहेबांनी विद्यापीठातली सारी हयात लोकक्रीडांच्या अभ्यासात घालवलेली; दुष्काळी पट्ट्यातल्या खेळांवर त्यांचा सहाशे बारा पानांचा प्रबंध, आणि तो संपूर्ण वाचलेला मनुष्य अद्याप जन्मायचा होता. आता ज्ञान सुपूर्द करण्यास योग्य पात्र लाभले, अशा भावनेने त्यांनी नातीला झोपाळ्यावर बसवले आणि उपोद्घातापासून सुरुवात केली. पंधराव्या मिनिटाला राजनंदिनीने स्वयंपाकघराकडे तोंड करून, अत्यंत सभ्यपणे विचारले, “आजी, आबा कधी संपणार?”

समीक्षकांनीही त्यांना हेच विचारले होते. पण आडून, आणि परिभाषेत! हा घाव थेट बरगडीत बसला. उरलेले नऊ दिवस नात टॅबलेटमधल्या एका गुलाबी, गाणाऱ्या, कपाळावर शिंग असलेल्या घोड्यासमोर बसून राहिली आणि लालासाहेब तिच्या पाठीमागे वर्तमानपत्राआड बसून राहिले. घोड्याला ती ‘बाय’ म्हणाली. आबांना नमस्कार करायला तिला आईने ढकलावे लागले.

दिवाळीत ती आठ दिवसांसाठी पुन्हा येणार होती. त्या आठ दिवसांत निदान एक तास तिने आपण होऊन आपल्या समोर बसावे, एवढेच लालासाहेबांना हवे होते. पण एवढेसे मागणे एवढ्याशा शब्दांत मागण्याची विद्या त्यांनी कधी संपादन केली नव्हती. म्हणून त्यांनी युद्ध पुकारले.

युद्धाची पहिली पायरी म्हणजे शत्रूच्या मुलखाची पाहणी. लालासाहेब खेळण्यांच्या दुकानात गेले. तिथे टाय लावलेले अस्वल होते, चष्मा घातलेला ससा होता आणि पिझ्झा खाणारे डुक्कर होते. प्रत्येक खोक्यावर ‘बुद्धी वाढवते’ असे छापले होते आणि आत दाबायला एक बटण होते.

“यांत आपल्या मातीतला प्राणी कोणता?” त्यांनी बर्फासारख्या आवाजात विचारले.

“हे माकड घ्या सर. पडलं तरी मोडत नाही.”

लालासाहेब घरी आले आणि लिहायला बसले. ऑगस्टअखेरीस चौऱ्याऐंशी पानांचे टिपण सिद्ध झाले: ‘बालकार्थ लोकक्रीडापट: संकल्पना, स्वरूप आणि सीमा’. एकशे चव्वेचाळीस घरांचा पट, तीन तऱ्हेचे फासे, एकसष्ट तळटीपा. रंगुबाईंनी ते चष्मा लावून, पाने उलटून, मनापासून पाहिले.

“आवं, पण ह्यात खेळायचं काय?”

“ते परिशिष्ट ‘ब’ मध्ये आहे.”

“आणि चित्रं?”

“चित्रे मी स्वतः—”

“नको!” रंगुबाई दचकून म्हणाल्या. “मागं तुम्ही गाय काढून दिली, ती पोरीनं सोफा म्हणून रंगवली. चार पाय बघून उश्यापण काढल्या वर. चांगला जाणता चित्रकार गाठा.”

युक्तिवाद बिनतोड होता. चौकशी केली, तेव्हा सांगलीच्या एका चित्रकर्तीचे नाव निघाले. साक्षी तिचे नाव. मुलांच्या पुस्तकांची चित्रे काढण्यात तिचा हातखंडा, असे सर्वांचे मत पडले. लालासाहेबांनी फोन केला, आणि पहिल्या रविवारी टिपण बगलेत मारून, कंदी पेढ्यांचा पुडा पिशवीत टाकून सांगलीची एसटी धरली. कऱ्हाडपर्यंत त्यांनी मनातल्या मनात प्रस्तावना घोळवली. त्यापुढे शेजारच्या प्रवाशाला ऐकवली. तो प्रवासी इस्लामपूरला उतरला. त्याचे तिकीट सांगलीचे होते!

साक्षी पस्तिशीची. केसांत पेन्सिल खोचलेली, बोटांना निळा रंग. तिने टिपण हातात तोलले.

“सर, मी मूळची विट्याची. वडलांचं मदुराईला सोनं गाळायचं दुकान आहे. सोनारांच्या दुकानातला केर आम्ही पोत्यानं आणतो, जाळतो, धुतो, गाळतो. पोतंभर राखेतून गुंजभर सोनं निघतं.”

“उत्तम व्यवसाय!” लालासाहेब म्हणाले. उपमेचा रोख त्यांना परतीच्या प्रवासात, किर्लोस्करवाडीच्या फाट्याजवळ कळला.

“मला तीनच गोष्टी सांगा. मूल केवढं आहे?”

“बाल्यावस्थेची व्याख्या पान नऊवर केलेली आहे.”

“वय, सर.”

“...साडेसहा.”

“किती वेळ बसतं?”

लालासाहेबांनी खिडकीबाहेर पाहिले. “पंधरा मिनिटे,” ते म्हणाले.

साक्षीने मान वर केली. एक पेढा तोंडात टाकला. मग जरा मऊ होऊन म्हणाली, “आणि तेवढ्या वेळात तिच्या हाताला काम काय?”

“ती ऐकेल.”

“कानाला नाही सर, हाताला!”

चौऱ्याऐंशी पानांत हात हा अवयव कुठेच आलेला नव्हता. लालासाहेब विलक्षण संतापले. पण विद्वानाचा संताप असा, की समोरच्याला वाटावे पंखा लागला. साक्षीने पाने चाळून एक उपपरिच्छेद बाहेर काढला. ‘पशूंच्या आकृतींच्या जोड्या जुळविणे.’ बाकी सारे तिने दुमडून ठेवले.

“एवढ्यापासून सुरू करू. पत्त्यांएवढे कागद, दोन-दोन सारखी चित्रं, पालथी टाकायची, जोडी शोधायची. छापायचं काही नाही, मी हातानंच करते.” आणि बोलता बोलता तिने एक मेंढी काढली. गोल, पांढरी, गुबगुबीत.

“ही मेंढी नव्हे,” लालासाहेब थंडपणे म्हणाले. “हा पिंजलेला कापूस आहे, आणि त्याला पाय फुटले आहेत. आमच्या माणदेशात फिरणारी माडग्याळी मेंढी उंच असते. नाक पोपटासारखे बाकदार, कान केळीच्या पानासारखे लोंबते, पांढऱ्या अंगावर तपकिरी डाग! आपल्या मुलांना परदेशी कापूस किती काळ दाखवणार?”

“मग दाखवा की खरी!” साक्षीला राग आला नाही, उलट ती खुलली. “आणि मेंढ्या आहेत तिथं मुलंही असतील. त्यांच्यापुढं हे कागद टाकू. पण माझी एक अट आहे, सर. मुलं खेळत असताना तुम्ही तासभर गप्प बसायचं. सांगायचं नाही, सुधारायचं नाही. नुसतं बघायचं.”

“त्यात काय विशेष!” लालासाहेब म्हणाले. १९८१ पासून ते सलग तासभर गप्प बसलेले नव्हते. भुलीचे इंजेक्शन दिलेले असतानाही!

म्हसवडच्या पलीकडे, माळावरच्या वस्तीत कोंडीबा राहत असे. अठ्ठ्याऐंशी साली प्रबंधासाठी लालासाहेब त्याच्याकडे पंधरा दिवस राहिले होते. त्याला त्यांनी फोन केला. इथेच घोटाळा झाला. आणि वाचकांनी लक्षात ठेवावे, की तो कोंडीबाच्या अज्ञानामुळे नव्हे, लालासाहेबांच्या भाषेमुळे झाला. ते म्हणाले, “कोंडीबा, सांगलीहून एक चित्रकर्ती येत आहेत. आपल्या मेंढ्यांचे अस्सल, उत्तम रूप त्यांच्या दृष्टीस पडले पाहिजे. ती चित्रे लेकराबाळांपर्यंत जायची आहेत. तेव्हा कोणतीही कसूर नको!”

“त्याची काळजी सोडा, सर,” कोंडीबा म्हणाला. “असं करतो, का मेंढरं बगून बाईंचं डोळं दिपलं पायजेत.”

लालासाहेबांनी समाधानाने फोन ठेवला.

सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी साक्षी सांगलीहून आपल्या गाडीने आणि लालासाहेब साताऱ्याहून एसटीने म्हसवडला पोहोचले. तिथून दोघे वस्तीवर गेले. लालासाहेबांच्या अंगात परीटघडीचा पांढरा लेंगा-सदरा होता. कोंडीबाने आणि त्याची बायको हरणाबाई हिने ओवाळून स्वागत केले. चहा झाला. भाकरी-पिठल्याचा आग्रह झाला. लालासाहेबांनी हवा हुंगली. शेणामेंगण्यांच्या ओळखीच्या वासात काहीतरी गोडसर, कटिंगच्या दुकानासारखे मिसळले होते.

“मेंढ्या कुठे आहेत?”

“येत्यात की! पोरगा बिरदेव घेऊन गेलाय तळ्यावं. जरा तयारी चाललीया,” कोंडीबा म्हणाला आणि हरणाबाईकडे पाहून मिशीत हसला.

जाळीच्या कुंपणात, ज्याला तिकडे वाघर म्हणतात, एक्केचाळीस कोकरे बेंबटत होती. आया दिवसभर चरायला जातात आणि कोकरे घरी राहतात, ही रीत. कटिंगच्या दुकानाचा वास त्यांच्याकडूनच येत होता.

“कोकरांना काही लावलंय का?” साक्षीने विचारले.

“आवं, बिरदेव पुण्याला कंपनीत हाय न्हवं. त्येनं फुसफुस आनलंय,” हरणाबाई अभिमानाने म्हणाली. “म्हनला, बाई शहरातल्या, त्येंच्या नाकाला वास नगं. दोन डबं मारलं बगा सकाळी. कोकरू उचलून घेतलं तरी लग्नाला आल्यागत वाटंल!”

साक्षीने ते कुतूहलाने ऐकले आणि कागद बाहेर काढले. कोंडीबाची नात माया, वय सात, आणि तिची दोन चुलतभावंडे समोर येऊन बसली. बारा मेंढ्या, प्रत्येकीच्या दोन प्रती, नाक बाकदार, कान लोंबते. लालासाहेबांना गप्प बसायचे होते. ते चाळीस सेकंद बसले.

“मुलांनो, जोडी या संकल्पनेचा उगम...”

“सर,” साक्षी म्हणाली.

“केवळ पार्श्वभूमी!”

पार्श्वभूमी वीस मिनिटे चालली. तेवढ्यात एक चुलतभाऊ बोरीकडे गेला आणि दुसरा झोपला. माया मात्र कागदांवरून नजर काढेना.

“लाव बघू जोडी,” साक्षीने दोन सारखी चित्रे पुढे सरकवली.

“न्हाई लागत.”

“का गं? दोन्ही एकच मेंढी आहे की!”

“एक कुटं? हिचा कान बगा की! हिचा खाली वळलाय, हिचा न्हाई. ह्या भनी हायत.” मायाने दुसरी जोडी उचलली. “आनि ह्या तर भनीबी न्हाईत. ही हिची मावशी असंल.”

हाताने काढलेल्या दोन चित्रांत केसाएवढा फरक राहिला होता. तो साताऱ्यात कोणाला दिसला नसता, सांगलीत खपून गेला असता. माणात नाही! माया एकेक कागद बाजूला ठेवत गेली आणि दहा मिनिटांत चोवीस मेंढ्यांची वंशावळ तयार झाली. जोडी एकही नाही.

“झाले!” लालासाहेब कडवटपणे म्हणाले. “तुमचा सल्ला ऐकून मी चौऱ्याऐंशी पाने सोडली आणि हाती काय आले? मावशी!”

खेळ बसला नव्हता हे साक्षीलाही दिसत होते. दिवाळीला पाच आठवडे उरले होते. लालासाहेबांना टॅबलेटमधला घोडा दिसू लागला. तो गात होता.

आणि त्याच क्षणी तो खरोखर दिसला!

माळाच्या कडेवरून हलगीच्या तालावर साठ गुलाबी जनावरे खाली उतरत होती. पाय पिवळेधमक. पाठीवर जांभळ्या चांदण्या. आणि प्रत्येकीच्या कपाळावर, बरोबर मधोमध, चमकत्या कागदात गुंडाळलेला उभा, टोकदार, तांबडा गोंडा! दिवाळीच्या पाडव्याला मेंढ्या रंगवतात, हे लालासाहेबांना प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणापासून माहीत होते. पाहुण्यांसाठी पाडवा पाच आठवडे अलीकडे ओढता येतो, हे त्यांच्या कोणत्याही प्रकरणात नव्हते. एका एकशिंगी घोड्याविरुद्ध ते सज्ज झाले होते. हे साठ होते, आणि नाके पोपटासारखी बाकदार होती!

“कसं काय, सर?” कोंडीबाने विचारले. “अस्सल का न्हाई?”

साक्षीने तोंडावर ओढणी धरली होती आणि तिचे खांदे हलत होते.

तेवढ्यात बिरदेवने वाघर उघडली. एक्केचाळीस कोकरे आयांकडे धावली, आणि मग जे झाले त्याला इतिहासात तोड नाही. मेंढी आपले पिल्लू वासावरून ओळखते. पण आज मेंढीला रंगाचा वास, कोकराला फुसफुशीचा वास, आणि वाऱ्याला दोन्ही! कोकरू आचळाला तोंड लावी, मेंढी हुंगी, शिंके, आणि लाथ घाली. भुकेली कोकरे दिसेल त्या पोटाखाली घुसू लागली. ओळखदेख नसलेल्या आया त्यांना ढुशा देऊ लागल्या. सबंध माळभर असा आक्रोश माजला, जणू लग्नाच्या मांडवात सगळ्या जोड्यांचे अंतरपाट एकदम सुटले आणि नवऱ्या भलत्याच निघाल्या!

“आवं, कोकरं उपाशी मरत्याल की!” हरणाबाई ओरडली. “बिरदेवा, तुज्या फुसफुशीच्या बैलाला—”

“मीच कारण झालो,” लालासाहेब स्वतःशी पुटपुटले. त्यांच्यातला सत्यनिष्ठ माणूस जागा झाला, आणि दुर्दैवाने त्याच्याबरोबर विद्वानही. ते कळपात शिरले. उजव्या कानावर तपकिरी डाग असलेले एक कोकरू त्यांनी उचलले, आनुवंशिकतेच्या सिद्धांतानुसार उजव्या कानावर तपकिरी डाग असलेली मेंढी शोधली, आणि कोकरू सन्मानपूर्वक तिच्यापुढे ठेवले.

मेंढीने सिद्धांत हुंगला. दोन पावले मागे सरली. आणि सेवानिवृत्त विभागप्रमुखांच्या पोटात अशी ढुशी हाणली, की ते जे बसले ते उरलेल्या गुलाबी रंगाच्या घमेल्यातच बसले!

“आजोबा!” मायाने कमरेवर हात ठेवून हाक मारली. “तुमी तितंच बसा. अजाबात हलू नगा.”

लालासाहेब हलले नाहीत. हलण्याजोगे त्यांच्यापाशी काही उरलेही नव्हते. आणि तिथून, घमेल्यात बसून, त्यांनी पाहिले.

मायाने भावंडांना शीळ घातली. झोपलेला उठला, बोरीवरचा उतरला. तिघे कळपात शिरले. माया एक कोकरू उचले, त्याच्या तोंडाकडे बघे, कळपाकडे बघे, आणि सरळ चालत जाऊन ते एका मेंढीखाली सोडी. मेंढीचे डोके हरणाबाई धरून ठेवी. कोकरू पिऊ लागले की मेंढी निवळे.

“ह्ये कानफाटीचं! ह्ये चांदीचं. आरं गाढवा, ते बोडकीचं न्हाई, बोडकीच्या भनीचं! माजी सात झाली, तुजी किती?”

“पाच!”

“हरला, हरला!”

“पण रंगवलेल्या मेंढ्या तुला ओळखू येतात कशा?” साक्षीने धावत जाऊन विचारले. पेन्सिल कधीच केसांतून हातात आली होती.

मायाने तिच्याकडे, मोठ्या माणसांकडे जितक्या किवेने बघता येते तितक्या किवेने बघितले. “रंग अंगाला लावलाय. त्वांडाला कुटं लावलाय?”

कोकरांच्या नाकाडोळ्यांवर मात्र आयांचा रंग उतरला होता. “कागूद हाय का कुनाकडं? पुसाय?” हरणाबाईने विचारले. साक्षीने इकडेतिकडे पाहिले आणि टिपण काढून दिले. लालासाहेबांनी घमेल्यातून हात उंचावला. पण बोलायचे नाही, अशी अट होती; आणि ते बोलले नाहीत. उपोद्घाताने तीन कोकरांची नाके स्वच्छ झाली. व्याख्येने पाच झाली. इतक्या वर्षांत लालासाहेबांच्या लेखनाचा कोणाला प्रथमच उपयोग होत होता!

पान एकसष्टपाशी साक्षीचा हात थांबला. ते तिने उजेडाकडे धरले आणि मोठ्याने वाचले:

“‘तळटीप सदतीस. माण भागात धनगरांची मुले सायंकाळी कळप परतल्यावर कोकरे आपापल्या मेंढीपाशी नेऊन सोडतात व कोणाची अधिक कोकरे आधी लागतात यावर चढाओढ करतात. हा खेळ नव्हे. सबब येथे विचारात घेतलेला नाही.’ सर! हे कुणी लिहिलंय?”

“मी,” घमेल्यातून आवाज आला.

“तवाच सांगितलं व्हतं मी सरास्नी,” कोंडीबा म्हणाला. “म्हनलं, ह्ये लिवा, लय मज्जा आस्ती. तर म्हनलं कसं, कोंडीबा, ह्यो खेळ न्हवं, ह्ये काम हाय. आता गड्या, पोरास्नी त्यातला फरक कवा कळायचा!”

ती टीप टिपणात प्रबंधातूनच उतरली होती. अठ्ठ्याऐंशी साल. याच माळावर, याच वेळी, सत्तावीस वर्षांचे लालासाहेब वही घेऊन उभे होते. समोर कोकरे धावत होती आणि ते खाली मान घालून लिहीत होते, की इथे काही नाही. लालासाहेब एकदम फार थकल्यासारखे दिसले. मग घमेल्यात जरा सावरून बसले, आणि पुढचा तासभर नुसते बघत राहिले. शेवटची तीन कोकरे लागली तेव्हा त्यांनी टाळी वाजवली. ती मायासाठी होती, पण थोडी स्वतःसाठीही असावी.

“सापडली गुंज,” साक्षी म्हणाली. तिची वही भरून गेली होती.

रात्री साताऱ्यात रंगुबाईंनी दार उघडले. पतीला त्यांनी समोरून पाहिले, मग तो वळल्यावर मागून पाहिले.

“एकशिंगी घोडा भेटला वाटतं,” त्या म्हणाल्या. “आणि त्याच्यावर बसून आलात?”

पुढचे पाच आठवडे साक्षी चित्रे काढत होती आणि लालासाहेब तिला फोन न करण्याचा सराव करत होते. एकवीस मेंढ्या, एकवीस कोकरे. प्रत्येकीचे तोंड निराळे. नाकाच्या बाकात, कानाच्या वळणात, गुडघ्याच्या ठिपक्यात कोकराची खूण दडलेली. पहिला संच म्हसवडला तपासणीला गेला. मायाने एक चूक काढली: कानफाटीचा फाटलेला कान डावा, चित्रात तो उजवा होता. साक्षीने निमूट बदलला. साताऱ्याच्या परीक्षकाने पाठवलेल्या अकरा दुरुस्त्यांपैकी एकही स्वीकारली नाही.

धनत्रयोदशीला राजनंदिनी आली. टॅबलेट बगलेत होता. लालासाहेबांनी प्रस्तावना केली नाही. त्यांनी खोके उघडले, कोकरे जमिनीवर पसरली आणि गप्प बसले. ही त्यांच्या आयुष्यातली सर्वांत अवघड दोन मिनिटे होती. रंगुबाईंनी दाराआडून पाहिले. पतीचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि कान लाल झाले होते.

“आबा, ही कुणाची?” नातीने विचारले.

“कानफाटीची,” लालासाहेब म्हणाले.

“चूक! तिचं नाक बघा ना. ही चांदीची आहे!” आणि ती फतकल मारून समोर बसली. आपण होऊन.

पहिल्या डावात आबांची कोकरे शून्य. दुसऱ्यात शून्य. तिसऱ्यात एक लागले, पण ती मावशी निघाली. टॅबलेट कोपऱ्यात केव्हा मिटला, कोणालाच कळले नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पुण्याहून आईचा फोन आला, कधी निघतेस म्हणून. पलीकडच्या खोलीत लालासाहेबांनी श्वास रोखला.

“मम्मा, मी इतक्यात नाही येत,” राजनंदिनी गंभीरपणे सांगत होती. “आबांना अजून एकही कोकरू ओळखता येत नाही. आजी म्हणते, तिला वेळ नाही. मग शिकवणार कोण?”

खेळ आता छापायला चालला आहे. वेष्टनाचा अंतिम नमुना साक्षीने साताऱ्याला पाठवला. वर मायाचे आणि कोंडीबाचे नाव आहे, मध्ये पोपटनाकी मेंढी, आणि तळाशी बारीक अक्षरांत सूचना: ‘वय वर्षे चार व पुढे. प्राध्यापकांनी लहान मुलांच्या देखरेखीखाली खेळावे.’

लालासाहेबांनी ती सूचना दोनदा वाचली. चष्मा पुसला. तांबडी पेन्सिल घेतली. चौऱ्याऐंशी पाने, एकसष्ट तळटीपा आणि चाळीस वर्षांचा व्यासंग पणाला लावून त्यांनी त्या खोक्यावर जी एकमेव दुरुस्ती केली, ती छपाईत जशीच्या तशी राहणार आहे. ‘प्राध्यापकांनी’ या शब्दाच्या आधी त्यांनी ‘सेवानिवृत्त’ असे लिहिले.